डब्यावरचे नाव : चित्रफितींच्या नोंदींचा इतिहास आणि आपल्या घरातील डिस्क

१९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने एकच गोष्ट दोनदा चित्रित केली. मराठी चित्रपटाचे नाव ‘शेजारी’ आणि हिंदुस्थानी चित्रपटाचे ‘पडोसी’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, लेखक विश्राम बेडेकर. गावातला एक हिंदू आणि एक मुसलमान, दोघे जिवाभावाचे शेजारी. धरणाच्या निमित्ताने गावात शिरलेला एक धनिक आपल्या स्वार्थासाठी दोघांत वितुष्ट आणतो आणि अखेरीस ते धरण फुटते तेव्हा दोघे मित्र एकत्रच जीव सोडतात. मुस्लिम लीगचा लाहोर ठराव मार्च १९४० मधला. त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात तयार झालेल्या या चित्रपटाला काय म्हणायचे होते, ते वेगळे सांगायला नको.

या दोन चित्रपटांत एक फरक होता. मराठीत हिंदू मित्राची भूमिका केशवराव दाते यांनी केली, हिंदीत ती मझहर खान यांनी केली. मिर्झाच्या भूमिकेत मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदार होते. म्हणजे ‘पडोसी’मध्ये मुसलमान नट ठाकूर झाला होता आणि हिंदू नट मिर्झा. नाव, वेश आणि माणूस यांची ही अदलाबदल शांतारामांनी जाणूनबुजून केली होती.

आता हे दोन्ही चित्रपट आजच्या घरगुती संगणकावर ठेवून पाहा. हल्ली अनेक घरांत एखादी मोठी हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर शेकडो चित्रपट, कव्वाल्या, मुशायरे, लग्नांच्या चित्रफिती साठवलेल्या असतात. त्यांची आपोआप वर्गवारी करण्यासाठी कोडी, प्लेक्स, जेलीफिन यांसारखी सॉफ्टवेअर आहेत. फोल्डर दाखवला की ती प्रत्येक फाइलचे नाव वाचतात, त्यातून शीर्षक आणि साल वेगळे काढतात, इंटरनेटवरच्या सूचीत शोध घेतात आणि पोस्टर, कलाकार, दिग्दर्शक, भाषा, कथासार अशी सगळी माहिती आणून चिकटवतात. यालाच टॅग लावणे म्हणतात. काम मिनिटांत होते. पण फाइलच्या नावात साल नसेल, तर ‘शेजारी’ला १९९० च्या ‘शेजारी शेजारी’ या विनोदी चित्रपटाचे पोस्टर मिळू शकते आणि ‘पडोसी’ची १९६८ ची ‘पडोसन’ होऊ शकते. प्रभातच्याच १९३९ च्या ‘आदमी’ची गाठ १९६८ च्या, दिलीपकुमार असलेल्या ‘आदमी’शी पडू शकते. मझहर खान या नावावर टिचकी मारली तर १९८० च्या ‘शान’मधला अब्दुलही समोर येऊ शकतो, कारण त्या नटाचेही नाव मझहर खानच. मधे चार दशकांचे अंतर, माणसे दोन, नाव एक.

हा तांत्रिक घोळ म्हणून सोडून देता येईल. पण ज्या वस्तूवर चुकीचे नाव चिकटते ती वस्तू असूनही सापडत नाही, आणि जी सापडत नाही ती काही पिढ्यांनी नसल्यासारखीच होते. इतिहासाच्या वाचकाला हे नवे नाही. म्हणून या नोंदींचा इतिहास पाहायला हवा. त्यातला मोठा भाग आपल्या पुण्यातच घडलेला आहे.

डब्यावरचे लेबल आणि आतले रीळ

प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. कंपनी बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. हे संग्रहालय ज्यांनी अक्षरशः डबा-डबा करून उभारले, ते पी. के. नायर मूळचे केरळचे. १९६१ मध्ये ते इन्स्टिट्यूटमध्ये आले, १९६५ पासून संग्रहालयात रुजू झाले, पुढे संचालक झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. मार्च २०१६ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीत सुमारे १२ हजार चित्रपट गोळा झाले, त्यांपैकी सुमारे ८ हजार भारतीय. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये त्यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. कोणता प्रसंग कोणत्या रिळात आहे हे नायर तोंडपाठ सांगत. त्या काळी संग्रहालयाची शोधयंत्रणा म्हणजे एका माणसाची स्मरणशक्ती आणि त्याच्या वह्या.

अशा संग्रहातली पहिली अडचण लेबलाची असते. पत्र्याच्या डब्यावर एक नाव आणि आत दुसऱ्याच चित्रपटाचे रीळ, हे सर्रास घडते. त्यामुळे डबा उघडून रीळ टेबलावर चढवून पाहिल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘राजा हरिश्चंद्र’चे आहे. दादासाहेब फाळके यांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. त्याची उरलेली रिळे नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडून मिळवली. आज ‘भारताचा पहिला चित्रपट’ म्हणून जी दृश्ये आपण पाहतो, ती हीच. पण ही दृश्ये १९१३ ची नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या हरिश्चंद्रपटाची आहेत, असे काही अभ्यासक मानतात. शीर्षक तेच, दिग्दर्शक तोच, कथा तीच. फरक फक्त सालाचा, आणि तो रीळ बारकाईने पाहणाऱ्यालाच कळतो. राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेजावर जो प्रश्न सुटायला इतका वेळ लागतो, तो घरच्या संगणकाने क्षणात सोडवला असे दिसले तर शंका घ्यावी, हे उत्तम.

त्या काळी चित्रपटाबरोबर कायद्याने येणारी एकच पक्की नोंद असे, ती म्हणजे सेन्सॉरचे प्रमाणपत्र. १९१८ च्या कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे सुरू झाली. चित्रपटाचे नाव, भाषा, रिळांची संख्या, लांबी आणि तारीख हे सगळे त्या कागदावर येऊ लागले. आपण चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जो कागद क्षणभर पाहतो आणि विसरतो, तो भारतीय चित्रपटाचा सर्वांत जुना सरकारी टॅग आहे. घरातल्या फाइलमध्ये ते दृश्य कापलेले नसेल, तर नोंद करताना आधी तिथे थांबावे. निम्मी माहिती तिथेच मिळते.

चित्रपट गेला, नोंद राहिली

नोंदीचे मोल कळते ते वस्तू हरवल्यावर. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. अर्देशीर इराणी हे पारशी दिग्दर्शक, मास्टर विठ्ठल हे मराठी नायक, झुबेदा ही मुस्लिम नायिका आणि पडद्यावर पहिले गाणे गाणारे वझीर मोहम्मद खान. आपल्या सिनेमाची जात-धर्मापलीकडची घडण पहिल्या बोलपटापासूनच अशी दिसते. पण हा चित्रपट आज कोठेही उपलब्ध नाही. झुबेदाची आई फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. त्या भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. तोही चित्रपट हरवला. देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच उरले. नायट्रेटची फिल्म आपोआप सडते आणि ठिणगी पडली की पेट घेते. शिवाय तिच्यातली चांदी काढण्यासाठी रिळे विकली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरचा मोठा ठेवा, त्यात प्रभातची रिळेही, राख झाला.

असे असूनही फातमा बेगम आपल्याला माहीत आहेत, कारण कोणीतरी लिहून ठेवले. जाहिराती, पुस्तिका, सेन्सॉरच्या याद्या जुळवणाऱ्या संशोधकांनी ही नावे जपली. मराठीत या कामात इसाक मुजावर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. फाळके यांच्यापासून मराठी चित्रसृष्टीच्या तपशिलापर्यंत त्यांनी कित्येक दशके लिहिले आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी चित्रपटाची स्मृती जपणाऱ्यांत एक मराठी मुसलमान अग्रभागी होता, हे आपल्या नव्या पिढीला ठाऊक असायला हवे. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचे कोश दशकवार तयार केले. १९९० मध्ये काही चित्रपटवेड्यांनी इंटरनेटवरील चर्चागटांतल्या याद्या एकत्र केल्या आणि त्यातून आयएमडीबी जन्माला आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या टीएमडीबीत तर खाते उघडून कोणीही माहिती भरू शकतो. आपल्या घरातले सॉफ्टवेअर ‘आपोआप’ टॅग लावते तेव्हा ते बहुधा अशा सूचीतून, अशाच लोकांनी फुकट केलेल्या मेहनतीतून उचलत असते. यंत्र स्वतः काही जाणत नाही. कोणीतरी आधी जाणले, लिहिले, म्हणून यंत्राला सापडते.

बगदादच्या पुस्तकविक्रेत्याची यादी

ही मेहनत मुस्लिम परंपरेला अनोळखी नाही. हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८७ च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न अल-नदीम या माणसाने ‘अल-फिहरिस्त’ लिहिले. तो वर्राक होता. पुस्तकांच्या नकला करणे आणि विकणे हा त्याचा धंदा. अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची त्याने दहा मकाल्यांत विभागलेली यादी केली. कुरआन, व्याकरण, इतिहास, काव्य, फिक्ह यांच्याबरोबर तत्त्वज्ञान, वैद्यक, किस्से-कहाण्या आणि इतर धर्मांचे पंथही त्यात आले. त्याने हिंदुस्थानातल्या धर्मांचीही दखल घेतली.

त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. कवींची नोंद करताना त्याने दिवाण किती पानांचा हेही लिहिले आणि पान म्हणजे कोणते पान, त्यावर ओळी किती, हे आधीच स्पष्ट केले. चित्रपटाच्या नोंदीत रिळांची संख्या आणि लांबी का लिहितात याचे उत्तर इथेच आहे. प्रत अपुरी आहे की पूर्ण, हे लांबीवरूनच कळते. एखादे पुस्तक आपण स्वतः पाहिले, की कुणाच्या हस्ताक्षरात त्याचा उल्लेख वाचला, की नुसते ऐकले, हेही तो अनेकदा सांगतो. त्याने नोंदवलेली बहुसंख्य पुस्तके आज नाहीत. जगाला ती ठाऊक आहेत ती त्याच्या यादीमुळे. ‘फिहरिस्त’ आणि ‘आलम आरा’ यांच्यात हजार वर्षांचे अंतर आहे, पण गोष्ट एकच.

दुसरी परंपरा हदीसशास्त्राची. कोणतेही कथन कोणाकडून कोणाकडे आले, ती साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतला प्रत्येक माणूस कोण, कुठला, किती विश्वासू, हे तपासण्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ नावाचे शास्त्रच उभे राहिले. त्यात एक अडचण वारंवार येई. एकाच नावाचे अनेक रावी असत. अकराव्या शतकातल्या खतीब अल-बगदादी यांनी खास या प्रश्नावर, म्हणजे नावे एक पण माणसे वेगळी असलेल्या रावींवर, ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’ हा ग्रंथ लिहिला. आज चित्रपटसूचीत दोन मझहर खान वेगळे ठेवण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक देतात. उपाय नवा असेल, प्रश्न हजार वर्षांचा आहे. मदरशात रिजालशास्त्र शिकलेल्या मुलाला हे तत्त्व कोणत्याही संगणक अभियंत्याइतकेच सहज समजेल.

भाषेचा रकाना

नोंदीतला सर्वांत नाजूक रकाना भाषेचा. टीएमडीबीत प्रत्येक चित्रपटाला ‘मूळ भाषा’ एकच असते. ‘पाकीजा’, ‘उमराव जान’ यांच्यासारख्या चित्रपटांतल्या संवादांची आणि गाण्यांची भाषा काय, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही, पण रकान्यात ‘हिंदी’ येते. याचा दोष परदेशी संगणकाला देऊन चालणार नाही. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ १९६० चा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. टॅग आपणच लावला होता, यंत्राने तो फक्त उचलला. गंमत अशी की त्या काळच्या कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत शीर्षक रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत झळके. पडद्यावर तीन लिप्या मावल्या. रकान्यात दोन भाषाही मावल्या नाहीत.

मराठी मुसलमानांसाठी हा प्रश्न आणखी घरचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात बोलली जाते ती दखनी. बहमनी आणि आदिलशाही काळापासून दख्खनच्या मातीत वाढलेली, मराठीचे शब्द अंगाखांद्यावर खेळवणारी ही भाषा. जगातल्या भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीत दखनीला स्वतंत्र संकेत आहे, डी-सी-सी. म्हणजे कागदोपत्री तिला जागा आहे. पण बोलणे ऐकून ते लिहून काढणारी नवी यंत्रणा, उदाहरणार्थ २०२२ मध्ये आलेली व्हिस्पर, मराठी, हिंदी, उर्दू ओळखते. तिच्या भाषांच्या यादीत दखनी नाही. आपल्या नानीने सांगितलेली कहाणी तिला ऐकवली तर ती कधी हिंदी म्हणेल, कधी उर्दू, आणि मधूनच आलेला मराठी शब्द भलत्याच शब्दाने बदलेल. चित्रपटांच्या बाबतीत भाषा चुकली तरी दुरुस्त करणारे हजार लोक आहेत. नानीच्या चित्रफितीचा रकाना दुरुस्त करणारे फक्त तिच्या घरचे आहेत.

नाव लिहावे, धर्म ओळखू नये

नावांचाही असाच प्रश्न आहे. युसूफ खान तरुणपणी पुण्यात लष्करी कँटीनमध्ये काम करत होते. १९४४ च्या ‘ज्वार भाटा’पासून ते दिलीपकुमार झाले. मुमताज जहाँ मधुबाला झाली, महजबीन बानो मीनाकुमारी. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज महाराष्ट्रभर घुमला. नोंद करताना दोन्ही नावे लिहावीत. पडद्यावरचे नाव त्यांच्या कामाचे आहे, घरचे नाव त्यांच्या इतिहासाचे. एक ठेवून दुसरे पुसणे दोन्ही बाजूंनी अन्यायाचे.

पण नावावरून धर्माचा टॅग लावण्याच्या मी विरोधात आहे. यंत्र आज चेहरा ओळखते, नाव वाचते, पेहराव पाहते, आणि त्यावरून माणसाला एखाद्या खणात टाकणे त्याला सहज जमते. अशा यंत्राने ‘पडोसी’ पाहिला तर टोपी-दाढीवाले जागीरदार मुसलमान ठरतील आणि ठाकूर झालेले मझहर खान हिंदू. त्या चित्रपटाचा सगळा अर्थ ज्या अदलाबदलीत आहे, तीच यंत्र ‘दुरुस्त’ करून टाकेल. घरच्या डिस्कवर हा विनोद ठरेल. हीच सवय मोठ्या व्यवस्थांना लागली तर तो विनोद राहणार नाही, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

ज्याची सूची कुठेच नाही

एवढ्या विवेचनानंतर मुद्द्याची गोष्ट. चित्रपट, मालिका, गाजलेल्या कव्वाल्या यांच्यासाठी यंत्र पुरेसे आहे. फाइलच्या नावात शीर्षक आणि कंसात साल लिहिले, दोन भाषांतल्या आवृत्त्या दोन फोल्डरांत ठेवल्या आणि शंकेच्या जागी सूचीतला ओळख क्रमांक नावातच घातला, तर ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ दोघेही आपापल्या घरी नांदतात. आपल्या सूचीत मराठी चित्रपटाची माहिती अपुरी असेल तर ती भरावी. मराठी नावांची स्पेलिंगे चार प्रकारची होतात, म्हणून मूळ देवनागरी नावही द्यावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्याचा फायदा जगभरच्या मराठी घरांना होतो.

पण त्याच डिस्कवर दुसरा एक ढीग असतो. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मध्यमवर्गात पोहोचले आणि शादीची व्हिडिओ कॅसेट घराघरात आली. कॅम्पपासून मोमीनपुऱ्यापर्यंत, पुण्याच्या मुस्लिम वस्त्यांतल्या कपाटांत अशा कॅसेट आजही आहेत. निकाहचा खुत्बा, बिदाईची रडारड, पंगतीत वाढणारे मामू, दालनाच्या कोपऱ्यात ढोलक घेऊन गाणाऱ्या बायका. त्या बायकांची गाणी कोणत्याच कोशात नाहीत. आमच्या घरातल्या अशा काही कॅसेट एका दुकानातून डिजिटल करून आणल्या, तेव्हा डीव्हीडीवरच्या फाइलींची नावे होती टेप एक, टेप दोन, टेप तीन. कॅसेटच्या कडेला अब्बांनी बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी, जिच्यावर नाव, गाव आणि तारीख होती, ती दुकानातच राहिली. फाइलीत नोंदलेली तारीख २०११ ची आहे, म्हणजे ज्या दिवशी कॅसेट मशीनमध्ये घातली तो दिवस. लग्न १९९१ चे. वर्गवारी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने खालाजानचा निकाह तिच्या मुलीच्या जन्मानंतर झालेला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रफितींची कथा याहून वाईट. तिथे पाठवणाऱ्याने दिलेले नाव गळून पडते आणि एक तारीख व क्रमांक उरतो. तारीखही चित्रीकरणाची असेलच असे नाही. चेहरे ओळखून गट करणारी यंत्रणा उपयोगी आहे, ती पन्नास फाइलींतली एकच आजी शोधून देते. पण ती आजी कोण, हे तिला सांगावेच लागते, आणि दहा वर्षांची मुलगी व तिचेच चाळिशीतले रूप यांना ती कित्येकदा दोन माणसे समजते.

या ढिगासाठी इब्न अल-नदीमची रीतच उपयोगी पडते. फाइलच्या नावाची सुरुवात सालापासून करावी, मग महिना, मग प्रसंग, मग गाव. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहावे, खोटी तारीख घालू नये. घरातल्या थोरांना चहा देऊन टीव्हीसमोर बसवावे, चित्रफीत थांबवत थांबवत विचारावे, हे कोण, ते कोण, हा वाडा कुठला, हे गाणे कोणी शिकवले. उत्तर लिहावे आणि उत्तराखाली सांगणाऱ्याचे नाव लिहावे. फलाणे म्हणजे सादिक मामू, असे अम्मीने सांगितले, तारीख अमुक. हीच घरगुती इस्नाद. उद्या दोन सांगणाऱ्यांत मतभेद झाला तर दोन्ही मते राहू द्यावीत. भाषेच्या रकान्यात जे ऐकू येते तेच लिहावे. दखनी असेल तर दखनी, कोकणी असेल तर कोकणी, मराठी असेल तर मराठी. या माहितीची साधी मजकूर-फाइल चित्रफितीशेजारीच, त्याच नावाने ठेवावी. सॉफ्टवेअर बदलतील, कंपन्या बुडतील, साधा मजकूर मात्र पन्नास वर्षांनीही उघडेल.

आणखी एक अदब पाळायला हवी. लग्नाच्या चित्रफितीत जनानखान्यातले चित्रण असते. त्या काळी ते घरच्यांसाठी केले होते. आपण सोय म्हणून सगळे दूरच्या सर्व्हरवर चढवतो आणि तिथले यंत्र प्रत्येक स्त्रीचा चेहरा नोंदवून ठेवते. ज्यांचे चित्रण आहे त्यांना आधी विचारावे. चेहरे ओळखण्याचे काम घरच्याच संगणकावर करणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरावीत. जपणे म्हणजे जगासमोर मांडणे नव्हे. डिस्कच्या दोन प्रती मात्र दोन वेगळ्या घरांत असाव्यात. २००३ ची आग हे शिकवून गेली आहे.

आपल्या समाजाबद्दल नेहमी तक्रार असते, आणि ती मीही करतो, की मराठी मुसलमानांचा सामाजिक इतिहास लिहिला गेला नाही. साधने नाहीत, असे सांगितले जाते. दरबारांची फर्माने आहेत, दर्ग्यांच्या सनदा आहेत, पण साध्या घरातला माणूस कसा बोलत होता, काय गात होता, बाई मेहंदीला काय म्हणत होती, याचा पुरावा कुठे शोधायचा? तो गेल्या चाळीस वर्षांपुरता तरी आपल्या कपाटांत आहे. चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी लागते, आणि चेहरे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. फीत काही वर्षे तग धरेल. सांगणारी नानी धरेलच असे नाही.

चित्रपटांची नावे यंत्राला लावू द्या. येत्या रमजान ईदला घर भरलेले असेल तेव्हा एक जुनी कॅसेट बाहेर काढा, टीव्ही लावा आणि वही जवळ ठेवा. पहिल्या ओळीत साल लिहा, दुसऱ्या ओळीत गाव, आणि तिसऱ्या ओळीपासून माणसांची नावे.